एकदाच दाबून पाहिलेला हात

ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून मी दीड वर्ष झटले, तो माझ्याशी एकदाही वाकडं बोललेला नाही. उलट 'बसा ताई, घाई नाही' असं म्हणाला होता. हे आधीच सांगून टाकते. आजारातून उठलेली बाई लिहायला बसली की वाचणाऱ्याला वाटतं, आता ही देवाचे, डॉक्टरांचे, शेजाऱ्यांचे आभार मानणार. ज्यांचे मानायचे त्यांचे मानीनच. पण मी लिहायला बसले ती रागानं. ज्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि ज्याच्यासमोर कुणीतरी तपासणीचा कागद घेऊन बसलंय, त्याला माझा हा राग कामाला येईल.

माझं नाव सुरेखा. राहते अहमदपूरला, माहेर मुखेड तालुक्यातलं. नवरा बालाजी पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. मुलगी दहावीत. मी अकरा वर्षं एका सूतगिरणीत कामाला होते. गिरणीचं नाव घेत नाही, माझं भांडण गिरणीशी नव्हतं.

दोन धागे

गिरणीत माझं काम साच्यावर. साचा म्हणजे सूत कातायचं लांबलचक मशीन. दोन्ही अंगांना शेकडो चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या उभ्या दांड्या, फिरत असतात. एखादा धागा तुटला की चालता चालता हात पुढं करून तो जोडायचा, भरलेल्या बॉबिनांची टोपली उचलून गाडीवर ठेवायची, की परत चालायचं. पाळी संपेपर्यंत हात छातीच्या वर आणि पाय फिरते.

एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर मला एका चातीवर दोन धागे दिसले. मी हात घातला तो नसलेल्या धाग्याला. एक डोळा झाकला तर एकच दिसला, उघडला की परत दोन. शेजारच्या साच्यावरची अनसूयाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, डुलकी काढायलीस का? डावी पापणी निम्मी खाली आलीया."

मग एकेक सुरू झालं. भाकरी चावता चावता जबडा थांबायचा, हनुवटीला हात लावून तोंड मिटावं लागायचं. वेणी घालायला हात वर केले की अर्ध्यात खाली यायचे. आणि सकाळी उठले की सगळं ठीक. सकाळी मी पाण्याची घागर सहज उचलायची. त्यामुळं घरात कुणाला पटेना. सासूबाई म्हणायच्या, "सकाळी घोडीसारखी पळती, आन् सांजच्याला सैपाकाचं नाव काढलं की मान टाकती."

डॉक्टर केले. एकानं चष्मा दिला, एकानं रक्तवाढीच्या गोळ्या, एकानं मानेला पट्टा. शेवटच्यानं बालाजीला बाजूला घेऊन सांगितलं की बाईला टेन्शन आहे, फिरायला न्या. आठ महिने असे गेले.

लातूरला

लातूरला मज्जातंतूंचे एक वयस्क डॉक्टर आहेत. कमी बोलतात. त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "वर पंख्याकडं बघा. मान हलवायची नाही. मी सांगेपर्यंत बघत राहा."

आधी काही झालं नाही. मग दुकानाचं शटर ओढावं तशी पापणी खाली आली. मी जोर लावला, उघडेना. डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटांनी काढला तर पापणी वर. बालाजी खुर्चीतून उठून माझ्या तोंडापाशी येऊन बघायला लागला.

रक्त घेतलं, हाताला तारा लावून तपासलं. पुढच्या खेपेला नाव सांगितलं, मायस्थेनिया. डॉक्टर म्हणाले, "मेंदू निरोप धाडतो, तो स्नायूला नीट पोचत नाही. पहिले काही पोचतात, मग पोचेनासे होतात. विश्रांती घेतली की परत पोचायला लागतात. म्हणून ह्या सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी लुळ्या." मग बालाजीकडं वळून, कुणी न विचारता म्हणाले, "हे नाटक नाही."

तेव्हा मला रडू आलं. आजाराचं नव्हे. आठ महिन्यांत हे तीन शब्द कुणी बोललं नव्हतं.

मी विचारलं, "बरं होतं का?"

"आटोक्यात राहतं. गोळ्या वेळच्या वेळी. साच्यावरचं काम बंद. आणि गिळता येईना किंवा धाप लागली, तर घरी थांबायचं नाही. तसंच मोठ्या दवाखान्यात यायचं."

येताना एसटीत बालाजी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं आईला फोन लावला आणि म्हणाला, "हाय तिला आजार. खरा हाय." त्या आवाजात काळजी होती, पण सुटका झाल्यासारखंही काहीतरी होतं. मला तेव्हा ते गोड वाटलं. पुढं कळलं की त्यालासुद्धा कुणीतरी शिक्का मारून दिलेला लागत होता.

बारा मिनिटं

गिरणीनं आम्हा सगळ्यांचा गटविमा काढलेला होता. आजारानं नेहमीचं काम जमत नाही असं ठरलं, तर काही महिने पगाराचा वाटा मिळायचा आणि गिरणीला बसून करायचं काम द्यावं लागायचं. मी अर्ज केला. विमा कंपनीनं नांदेडला त्यांच्या यादीवरच्या डॉक्टरकडं तपासणीला बोलावलं.

सकाळी दहाची वेळ. आदल्या दिवशी आम्ही नांदेडला मावसबहिणीकडं मुक्काम केला होता. मी नीट झोपलेली, सकाळची गोळी घेतलेली, ताजीतवानी. डॉक्टर चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट. 'बसा ताई, घाई नाही' ते इथलं.

हातात एक दाबायचं यंत्र दिलं. "दाबा. जोरात. शाब्बास." उजवा एकदा, डावा एकदा. एक खोकं जमिनीवरून टेबलावर ठेवायला लावलं, एकदा. एका पायावर उभं केलं. खोलीत इकडून तिकडं चालवलं. पाठीवर झोपवून पाय उचलायला लावला. तिथल्या घड्याळात बघितलं, बारा मिनिटं झाली होती.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये. त्या 'शाब्बास'नं मी फुलले. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्या ताकदीचं कौतुक करत होतं. मी दात खाऊन दाबलं. मी एवढं म्हटलं, "सर, मला सुरवातीला जमतं, मग जमत नाही." ते लिहिता लिहिता म्हणाले, "हो, हो. सगळं रिपोर्टमध्ये येतं."

रिपोर्टमध्ये आलं ते असं: सर्व चाचण्यांत ताकद सामान्य. सांगितलेला त्रास आणि तपासणी यांत मेळ नाही. पूर्वीचे काम करण्यास सक्षम.

मेळ नाही म्हणजे काय ते गिरणीतल्या कारकुनानं मला फोड करून सांगितलं. "म्हंजे तुम्ही बनाव करायलात असं त्यांचं म्हणणं हाय, वहिनी." लातूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी दाखवली. तो म्हणाला, विमा कंपनी त्यांच्याच डॉक्टरचं मानते, आणि कंपनीनं फिट म्हटल्यावर गिरणीला तुम्हाला घरी बसवता येत नाही. कामावर या, नाहीतर नाव कमी होतं.

मी घरी येऊन कागद बालाजीपुढं ठेवला. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, "कागदावर तर तू ठणठणीत हायस."

मी म्हटलं, "आन् तुझ्या डोळ्यापुढं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाडीवरून गिरणीच्या फाटकापाशी सोडलं.

नळी

एकोणीस दिवस मी साच्यावर उभी राहिले. अनसूयाबाई स्वतःचा साचा सांभाळून माझ्या टोपल्या उचलायची. मुकादमानं तिला दोनदा झापलं. विसाव्या दिवशी दुपारच्या चहाचा घोट नाकातून बाहेर आला. मी बोलायला गेले तर आवाज गेंगाणा निघाला, मग तोही निघेना. मान सावरेना. छाती वर येत होती, पण आत हवा जात नव्हती. अनसूयाबाईनं मला बसतं धरलं आणि गिरणीच्या जीपमधून थेट नांदेडला आणलं. बालाजी मागून पोचला तोवर माझ्या घशात नळी गेली होती.

नऊ दिवस मशीननं श्वास दिला. आतून मी पूर्ण शुद्धीवर होते, हे बाहेरच्यांना कळत नसे. पापण्या उघडत नव्हत्या, म्हणून त्यांना वाटे झोपलीय. माझ्या उशाशी उभं राहून नातेवाईक बोलायचे. एक चुलत जाऊ म्हणाली, "पोरीचं कसं हुईल आता." मी सगळं ऐकत होते आणि बोट हलवत नव्हते. बोट हलतच नव्हतं.

तिथला दिवस असा: नळीतला चिकटा ओढायचा, कूस बदलायची, नाकातून दूध, रक्त, परत चिकटा. चिकटा ओढताना जीव जातो असं वाटतं. एक आयाबाई होती, तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती ओढायच्या आधी कानाशी येऊन सांगायची, "आता दहा मोजते बाई, दहाला संपतं." आणि खरंच दहाला संपवायची. एकदा तिनं माझ्या केसांची गुंतागुंत सोडवून दोन वेण्या घातल्या. तिचे आभार मी मानते, जन्मभर.

भीती तीनच दिवस टिकली. चौथ्या दिवशी तिच्या जागी तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, शाब्बास. मी त्याला मनात माझ्या साच्यावर उभं केलं. आठ तास. त्याचे हात खाली आले की मी म्हणायची, जोरात, शाब्बास. मी त्याच्या घशात नळी घातली आणि दहा मोजले नाहीत. असले विचार करू नयेत असं म्हणतात. पण मशीन हवा आत ढकलायचं तेव्हा प्रत्येक हवेला मला काहीतरी कारण लागत होतं, आणि मुलीची आठवण काढली की रडू यायचं, रडलं की श्वास अडकायचा. रागानं श्वास अडकत नव्हता. म्हणून मी राग धरला.

सहाव्या दिवशी पापण्या उघडल्या आणि बोटं हलली. नर्सनं पाटी दिली. बालाजी समोर होता. मी वाकडंतिकडं लिहिलं, 'फिटचा कागद'. त्याला वाटलं भरतीचा कुठला फॉर्म हवाय. मी परत लिहिलं. मग तो समजला. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. मी खुणेनं सांगितलं, माझ्यापुढं धर. भेटीची सगळी वेळ मी त्याला तो कागद हातात धरून उभं केलं. त्याचे हात भरून आले. म्हणाला, "सुरेखा, चुकलं माझं." मी डोळे मिटले. उत्तर द्यायला पाटी होती, पण मी ती घेतली नाही.

तहसीन मॅडम

मोठी इंजेक्शनं झाली, नळी निघाली, वॉर्डात आले. तिथं व्यायाम शिकवायला तहसीन मॅडम यायच्या. नांदेडच्याच, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. मी त्यांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि बेडच्या कडेला बसल्या.

"ताई, ह्यांनी तुमची ताकद मोजली. काम मोजलंच नाही."

"म्हंजे?"

"एकदा दाबायला ताकद लागते. दिवसभर दाबायला वेगळं लागतं. ज्याचा गुडघा गेला त्याला चढउतार करायला लावावं, ज्याला धाप लागते त्याला चालवावं. तुमच्या आजारात तेच ते परत परत करायला लावलं तरच दिसतं. ह्यांनी जी चाचणी घेतली ती बिल्कुल बरोबर घेतली, फक्त तुमची नव्हती."

मी म्हटलं, "मला त्या माणसाला धडा शिकवायचाय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आधी मला सांगा, साच्यावर तुम्ही काय काय करता. एकही हालचाल सोडू नका."

पुढं घरी आल्यावर मी दर आठवड्याला एसटीनं नांदेडला जाऊ लागले. बालाजी दुकान बंद ठेवून सोबत यायचा. अनसूयाबाईनं पाळीत गुपचूप मोजून सांगितलं, तासाला किती धागे जोडतो, किती टोपल्या उचलतो, सलग किती वेळ हात वर राहतात. त्यावरून मॅडमनी चाचण्या निवडल्या. हात समोर ताठ धरून किती वेळ राहतो. यंत्र एकदा नव्हे, ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दाबायचं. वर बघत राहायचं. मोठ्यानं पन्नास आकडे म्हणायचे, आवाज कुठं फिरतो ते बघायचं. टोपली उचलायची आणि धागे जोडायचे, साच्याच्याच उंचीवर. मधे विश्रांती, मग परत तेच. आणि दर फेरीला नळीत फुंकायला लावून श्वासाची फुंकर मोजायची. फुंकर ठरलेल्या खुणेखाली आली की तिथंच थांबायचं, कुणी काही म्हणो.

एक दिवस मी लबाडी केली. मनात आलं, पहिल्याच दाबाला कमी जोर लावावा, म्हणजे आकडे अजून वाईट येतील आणि तो माणूस अजून खाली जाईल. तीन दाब झाले. मॅडमनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

"आज घरी जा, ताई."

"का?"

"खरं दमलेला हात हळूहळू उतरतो. तुमचा वरखाली नाचायलाय. मला दिसलं ते त्यांनाही दिसेल. मग त्यांनी लिहिलेलं खरं ठरेल आणि माझी सही खोटी ठरेल."

बसमध्ये मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त चीड आली होती, की सूड घ्यायचा तोही प्रामाणिकपणानं घ्यावा लागणार. पण मॅडम बरोबर होत्या. त्यानंतर मी एक दाबसुद्धा चोरला नाही.

त्याच्याच हातानं

त्या फिटच्या कागदावर मी विमा कंपनीकडं अपील केलं होतं, त्याची तपासणी लातूरला लागली. बाहेरचे दोन डॉक्टर, त्यांतल्या मोठ्या एक बाई, विमा कंपनीचा अधिकारी आणि माझ्या बाजूनं तहसीन मॅडम. मी अर्जात दोन गोष्टी मागितल्या. एक, चाचण्या माझ्या कामासारख्या आणि दिवसभर विभागून घ्याव्यात. दोन, पहिले तपासणी डॉक्टर हजर असावेत आणि मोजदाद त्यांनीच करावी.

अधिकाऱ्यानं फोन करून विचारलं, "दुसरी मागणी कशासाठी?"

मी म्हटलं, "म्हंजे यंत्र बिघडलं होतं असं नंतर कुणी म्हणायला नको."

बालाजीनं लोखंडी पाइपचा एक सांगाडा बनवला होता. साच्याइतकाच उंच, तितक्याच अंतरावर हुक, त्यांना सूत बांधलेलं. तो त्यानं टेम्पोतून लातूरला आणला आणि दुसऱ्या मजल्यावर एकट्यानं चढवला. मोठ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "मी, मॅडम. मी तिचा नवरा." एवढंच बोलून बाहेर जाऊन बसला. बालाजीला मी माफ केलं का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या सकाळी बरंचसं झालं, एवढं खरं.

पहिली फेरी मी उत्तम केली. हात ताठ, आवाज खणखणीत, टोपल्या पटापट. मोजदादीला बोलावलेल्या त्या नांदेडच्या डॉक्टरनं आकडे लिहिले आणि अधिकाऱ्याकडं बघून भुवई उचलली, बघा मी काय म्हणत होतो अशी. ती भुवई मी मनात ठेवून घेतली.

दुसऱ्या फेरीत पन्नास म्हणताना अडतिसाला आवाज नाकात गेला. धागे जोडताना दोन दिसू लागले. मी सांगितलं नाही, ते आपोआप दिसलं, माझा हात हुकाच्या शेजारी हवेत फिरत होता. तो डॉक्टर तोंडातल्या तोंडात मोजत होता. मी म्हटलं, "सर, मोठ्यानं मोजा." तो डॉक्टरबाईंकडं बघायला लागला. त्या म्हणाल्या, "मोजा."

तिसऱ्या फेरीला दुपार टळली होती. त्यानं मोठ्यानं मोजायला सुरवात केली. हात ताठ धरलेले आधी खांद्यातून कापले, मग उजवा खाली आला, मग डावा. सकाळच्या निम्म्याच्या निम्मासुद्धा आकडा झाला नाही. यंत्र दिलं तर काटा जेमतेम हलला. डावा डोळा पूर्ण झाकला, उजवा अर्धा. मी टोपलीला हात घातला आणि टोपली जागची हलली नाही. त्यात त्यानं पहिल्या दिवशी मला उचलायला दिलेल्या खोक्याएवढंही वजन नव्हतं. तहसीन मॅडमनी फुंकर मोजली आणि म्हणाल्या, "बस. थांबवा."

मला मान धरवेना म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीशी सरकवली. डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "डॉक्टर, मागच्या तपासणीत कुठली चाचणी तुम्ही दोनदा घेतली होती?"

"एकही नाही."

"यांच्या आजाराचं नाव अर्जावर होतं?"

"होतं."

"मग?"

तो म्हणाला, "फॉर्ममध्ये प्रत्येक हाताला रकाना एकच आहे, मॅडम."

शेवटी सही करायची होती. पेन माझ्या बोटांत राहीना. बारावी शिकलेली मी, अंगठा द्यावा लागणार होता. शाईचा डबा त्याच्या बाजूला होता. त्यानंच तो पुढं धरला, माझा अंगठा धरून कागदावर टेकवला. त्याच्या कपाळाला घाम होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, लग्नात झाला नव्हता एवढा झाला.

घरी आलेला पाहुणा

अपील मंजूर झालं. गिरणीनं मला सुताच्या तपासणीच्या खोलीत, खुर्चीवर बसून करायचं काम दिलं. गोळ्या चालू आहेत, बऱ्यापैकी बरी आहे. माणसं म्हणाली, झालं की मनासारखं, आता सोड.

मी सोडलं नाही. मी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली, की याच्या बारा मिनिटांमुळं मी नऊ दिवस मशीनवर होते, याला यादीवरून काढा. चौकशी लागली. तसा तो एका रविवारी सकाळी अहमदपूरला आमच्या दारात आला. एकटाच. सासूबाईंनी पाणी दिलं.

"ताई, माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी हे कबूल करायला आलोय. पण यादीवरून नाव गेलं तर बाकीची कामंही जातील. तुम्ही तक्रार मागं घेतली तर उपकार होतील."

मी विचारलं, "सर, माझ्यासारखे किती जण तुम्ही असे तपासले?"

"बरेच. आकडा नाही सांगता येणार."

"त्यांतल्या किती जणांना फिट लिहिल्यावर परत बघितलं? जगले का मेले?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "एकालाही नाही. ती पद्धत नाही."

"मग एक करा. ज्यांना ज्यांना फिट लिहिलं त्यांच्या दारात जा. आजार बघून, काम बघून परत तपासा. चूक निघाली तर तसं लिहून द्या. त्यांना मला फोन करून सांगू द्या की डॉक्टर येऊन गेले. मी तक्रार मागं घेते."

"हे शक्य नाही, ताई. लातूर, नांदेड, उदगीर, कुठं कुठं पसरलेत लोक."

"मला साच्यावर उभं राहणंबी शक्य नव्हतं."

तो उठला, हात जोडले आणि गेला. सासूबाई म्हणाल्या, "लई कडक बोललीस. दारात आलेला माणूस." मी म्हटलं, "आत्याबाई, त्यानं लिहिलेला कागद तुम्हीबी वाचून घेतला होता ना? तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होता?" त्या तांदूळ निवडायला बसल्या.

दोन महिन्यांनी त्याचं नाव यादीवरून निघालं. तसं पत्र मला आलं. त्या दिवशी मी शिरा केला, अनसूयाबाईला बोलावलं आणि आम्ही दोघींनी पोटभर खाल्ला. मला वाईट वाटेल असं बालाजीला वाटत होतं. नाही वाटलं.

त्यानंतर उन्हाळ्यात एक फोन आला. उदगीरकडचा माणूस, डाळ मिलमध्ये पोती उचलायचा, मणक्याचा त्रास. दबकत बोलत होता. "ताई, तुम्ही मला वळखत न्हाई. एक डॉक्टर आले होते घरी. दिवसभर बसले. वाकायला लावलं, बसवलं, परत वाकायला लावलं, लिहून दिलं. जाताना म्हणाले, ह्या नंबरावर एवढंच सांगा की मी येऊन गेलो."

मी म्हटलं, "कधी आले होते?"

त्यानं सांगितलं. यादीवरून नाव जाऊन तीन महिने झाले होते. आता त्या माणसाला माझ्याकडून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी फोन ठेवला. माफ केलं का, असं बालाजीनं विचारलं. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

आतापर्यंत असे सात फोन आलेत. शेवटचा मुखेडच्या एका बाईचा होता, तिचा नवरा तपासायला जिवंत उरलाच नव्हता. डॉक्टर दारात आले तेव्हा तिनं त्यांना तसं सांगितलं. ते तिथंच पायरीवर बसून राहिले म्हणे, आणि तिनं त्यांना उठवलं नाही.

मी तिला म्हटलं, बरं केलंत.